‘ये’ किती मात्रा धरायचा

लोणावळ्याच्या ज्या शाळेत मी संगीत शिकवते, तिथे गाण्याची लांबी मुख्याध्यापिका ठरवतात. स्नेहसंमेलनात कुठलंही गाणं चार मिनिटांच्या पुढे गेलं की पालक मोबाईलमध्ये डोकं घालतात, असं त्यांचं निरीक्षण आहे आणि ते खरंही आहे. त्यामुळे दरवर्षी डिसेंबर आला की मी गाणी कापायला बसते. दुसरा अंतरा उडवायचा, मधलं म्युझिक अर्ध्यावर आणायचं, शेवटी धृपद दोनदा घेण्याऐवजी एकदाच घ्यायचं. शिंप्याने दुसऱ्याची पँट आखूड करावी तशी मी गाणी आखूड करते, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. गाणं कुणाचं का असेना, कात्री माझी.

एक गाणं मात्र मला आखूड करायचं नव्हतं. ते माझ्या थोरल्या भावाचं होतं.

दादा भाज्याला आमच्या वस्तीत राहायचा. तरुणपणापासून कितीतरी वर्षं तो खडीच्या क्रशरवर कामाला होता, पुढे तिथलं काम झेपेना तेव्हा मळवलीत एका बंगल्यावर केअरटेकर झाला. पण वस्तीत त्याची ओळख या दोन्हींमुळे नव्हती. तो आमच्या गायन पार्टीचा गायक होता. चौदा एप्रिल असो, बुद्ध पौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो की गेलेल्या माणसाचा जलदान विधी, दादा गायला नाही तर कार्यक्रम झाला असं कुणी मानत नसे. त्याचा आवाज मळवली स्टेशनापर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणायचे. स्टेशन बरंच लांब आहे, म्हणजे लोक थापा मारायचे, पण प्रेमाने मारायचे. मी पार्टीत पेटी वाजवायचे आणि चाली लावायचे. तो मला ‘मास्तरीण’ म्हणायचा, चारचौघांत आणि मुद्दाम.

शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाज्याला गेले होते, तेव्हा त्याने मला दोन ओळी म्हणून दाखवल्या. स्वतः जुळवलेल्या. जन्मभर दुसऱ्यांची गाणी म्हटली, आता एक आपलं असावं, असं त्याच्या डोक्यात आलं होतं.

चढून ये गं माय माझे, चढून ये,
दगडांच्या झाल्या पायऱ्या, चढून ये.

आमची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भाज्याच्या बौद्ध लेण्याच्या डोंगरावरून तिने जन्मभर मोळ्या खाली आणल्या, पण लेण्यात जाऊन दोन मिनिटं निवांत बसायला तिला सवड मिळाली नाही. गाणं तिला हाक मारणारं होतं, हे कळायला काही संगीत विशारद व्हावं लागत नाही.

“पायऱ्या कुणी केल्या?” मी आपलं चिडवायला विचारलं.

“म्या केल्या. एवढा दगड फोडलाय, एवढं म्हनायला काय जातंय?”

चाल मी त्याच सुट्टीत लावली. ठेका साधा, केरव्याचा. धृपदाच्या शेवटी जो ‘ये’ येतो, तो सोळा मात्रा धरायचा. केरव्याची पुरती दोन आवर्तनं. पंचमावरून निघायचं, एकेक सूर चढत वरच्या षड्जावर जायचं, तिथे थांबायचं, आणि तो सूर संपता संपता कोरसने ‘चढून ये’ म्हणत आत यायचं. पुढे तीन अंतरे, दोन ठिकाणी म्युझिक. सगळं मिळून साडेआठ मिनिटं. या ‘ये’साठीच मी ती चाल केली होती. बाकीचं गाणं म्हणजे त्या ‘ये’पर्यंत पोचायची वाट होती. वैशाखी पौर्णिमेला विहाराच्या अंगणात गाणं म्हणायचं, असं ठरलं.

दादाला खोकला होताच. तो इतका जुना होता की आम्ही तो ऐकायचं सोडून दिलं होतं. थंडीत मात्र तो वाढला, वहिनीने जबरदस्तीने त्याला तळेगावला डॉक्टरांकडे नेलं, मीही गेले. डॉक्टर सरळ बोलणारे होते. फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे, ती आता निघणार नाही, आणि जेवढा श्वास आज आहे तेवढा पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणाले.

“म्हंजी आत खडी अंथरलीया म्हना की,” दादा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. आम्ही पण नाही.

परत येताना मळवली स्टेशनवर जिना चढून तो वर थांबला, कठड्याला धरून. खालून एक गाडी निघून गेली. मग म्हणाला, “हे गानं मला एकदा समद्यांम्होरं पुरं म्हनायचंय. एकदाच. मंग तू त्याचं काय बी कर.”

मी ‘हो’ म्हटलं. त्या क्षणापासून मी त्या गाण्याची लांबी मोजायला लागले.

तालीम विहारातच व्हायची, संध्याकाळी, आणि मधल्या वारांना. शनिवार-रविवार आजूबाजूच्या बंगल्यांवर पाहुणे येतात आणि त्यांच्या स्पीकरपुढे आमची पेटी कुणाला ऐकू जाणार? ढोलकीवर आबा होते. आबा नात्याने आमचे चुलते, पार्टीतले सगळ्यांत वडीलधारे. कोरसमध्ये वहिनी आणि वस्तीतल्याच चार-पाच जणी, दोघं पुरुष.

पहिल्या तालमीत दादाचा ‘ये’ निम्म्याच्या थोडा पुढे जाऊन तुटला. तुटला म्हणजे सूर घसरला नाही, तर संपलाच. नळाचं पाणी जातं तसा.

“दमानं घिऊ आपुन,” आबा म्हणाले. “घाई कशापायी? त्याला दमानं म्हनू द्या.”

आमच्याकडे दमानं म्हणजे सावकाश. आजाऱ्याला दमानं चालवतात, म्हाताऱ्याला दमानं बसवतात, व्यालेल्या म्हशीला दमानं उठवतात. माया दाखवायची आमची ती एक रीतच आहे. आबांनी लय उतरवली. कोरसमधल्या बायकांनी टाळ्या हळू केल्या. मीही पेटीवर हात हळू केला. खरं तर लय उतरवली की सोळा मात्रा आणखी लांब होतात, हे मी पाचवीच्या मुलींना शिकवते. पण सगळे एवढ्या प्रेमाने हळू झाले होते की माझं डोकं चाललंच नाही. दादाने सूर लावला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, चेहरा लाल झाला, आणि या वेळी तो निम्म्यापर्यंतही पोचला नाही.

“आजून दमानं,” आबा म्हणाले.

आणखी हळू. आणखी लवकर तुटला.

दादाने हात वर केला. धाप लागलेली असतानाच म्हणाला, “आबा, दमानं म्हनायलाच तर दम लागतो.”

सगळे हसले. आबा सगळ्यांत जास्त हसले. दादाही हसला आणि त्या हसण्याचाच खोकला झाला, वहिनी उठून पाणी आणायला गेली. तालीम तिथेच थांबली.

मग मी उलटं केलं. लय चढवली, ‘ये’ आठ मात्रांवर आणला, मधलं म्युझिक छाटलं. पुढच्या वेळी हे म्हणून दाखवलं तेव्हा दादा भिंतीला टेकून ऐकत होता. तोंड वाकडं करून म्हणाला, “पळत पळत बोलावती व्हय गं आईला? म्हातारी पडंल ना.”

“मग काय करू?”

“मला काय इचारती? मास्तरीण तू हाईस.”

मला राग आला. क्रशरच्या मालकाचा, डॉक्टरांचा, दादाचा, नक्की कुणाचा ते ठरेना, म्हणून तो मी पेटीवर काढला. भाता असा आपटला की आबांनी नुसतं वर बघितलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा, शाळेतल्या पोरींचासुद्धा. त्या फुकटच्या फुकट एवढा श्वास घेऊन ओरडायच्या.

लय पुन्हा थोडी उतरवली. आता मी गाण्यात जागा करायला लागले. ‘चढून’ झालं की थांबायचं, तिथे पेटी दोन सूर भरणार. ‘ये गं’ झालं की थांबायचं. ‘माय माझे’च्या आधी पुन्हा. दादाला दोन शब्दांमध्ये श्वास घेता यावा म्हणून मी ओळ फाडत गेले आणि भोकांना ठिगळं लावत गेले. अंतऱ्यांपैकी एक काढायचा होता. कोणता, ते त्यानेच सांगितलं. क्रशरवरचा. “त्यो लय धुळीचा हाय,” म्हणाला. पंधरा दिवसांनी मोळ्यांचाही गेला. एकच अंतरा राहिला.

‘ये’चं काय करायचं, हा प्रश्न होता. तो आता चार-पाच मात्रांत तुटायचा. मी कोरसला सांगितलं, सोळा विसरा, आठ विसरा. दादाचा आवाज तुटला रे तुटला की लगेच आत या, त्याला उघडं पडू देऊ नका. त्यांनी ते फार मन लावून केलं. तुटण्याआधी त्याच्या घशात बारीकशी खरखर व्हायची, ती ऐकायला सगळे शिकले. कोरस त्या खरखरीवर यायला लागला, आबांची थाप त्या खरखरीवर पडायला लागली. अशा आम्ही कितीतरी तालमी केल्या. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, चाल अशीच आहे. मलाही एकदा वाटलं की बरं जमलंय, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मी कसली चाल बांधत होते? मी त्याच्या छातीची मापं घेत होते, आणि प्रत्येक वेळी माप कमी भरत होतं.

मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं की पौर्णिमेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. गाणं महिनाभर अलीकडे, चौदा एप्रिलला घ्यायचं ठरवलं. दादाला सांगितलं, पौर्णिमेला बाहेरची पार्टी येणार आहे, आपल्याला वेळ मिळायचा नाही. त्याने हो म्हटलं. त्याला खरं कारण कळलं होतं.

चौदा एप्रिलला तो पांढरा शर्ट घालून आला. घरापासून विहारापर्यंतच्या वाटेत दोनदा बसला. वंदना झाली, भाषणं झाली, मग पार्टीचं नाव पुकारलं. माइक त्याच्या तोंडाशी इतका जवळ धरला होता की श्वास आधी ऐकू आला. मी सुरुवातीचं म्युझिक वाजवलं. धृपदावर आले. त्याने ‘चढून’ म्हटलं, स्वच्छ म्हटलं, मी ठिगळाचे दोन सूर भरले. ‘ये गं’ म्हटलं. आणि मग खोकला आला. तो माइकपासून बाजूला वळला, पण खोकला थांबेना. मी तेच दोन सूर पुन्हा भरले. परत भरले. दादाने आमच्याकडे बघून हात जोडले.

आबांनी ढोलकी थांबू दिली नाही. सरळ एका जुन्या गाण्याच्या ठेक्यात शिरले, कोरस मागोमाग शिरला, आणि अंगणातली पोरं नाचायला लागली. लोकांना वाटलं, ती त्या गाण्याचीच सुरुवात होती. नवं गाणं होतं आणि ते झालं नाही, हे कुणाला कळलंही नाही. हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर तारीख अशी राहिली नाही. वैशाखी पौर्णिमेला तो दवाखान्यात होता. घरी आणला तो ऑक्सिजनच्या मशीनसकट. मग आम्ही म्हणायला लागलो, बरं वाटलं की घरीच म्हणू, शेजारपाजारचे बोलावू. या रविवारी, नाहीतर पुढच्या. मी दर शनिवारी लोणावळ्याहून जायचे. एकच तर स्टेशन, पण गाडीत बसल्या बसल्या मनात गाणं आणखी छोटं करायचे. अंतरा नको, धृपदच दोनदा. दोनदा नको, एकदा. म्युझिक वाढवू, म्हणजे त्याला बसायला जागा मिळेल. घरी पोचल्यावर त्याच्याकडे बघितलं की तेही जास्त वाटायचं.

शेवटचं त्याने ते म्हटलं तेव्हा दुपार होती. तो बाजेवर उशांना टेकून बसला होता, मशीन एका चालीत घरघरत होतं. आबा बाजेच्या कडेला बसले होते.

“ह्याचा ठेका काय बरा न्हाई, आबा,” दादा मशीनकडे मान करून म्हणाला.

मी पेटी मांडीवर घेतली. आबांनी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. दादाने नाकातली नळी जरा बाजूला केली. ‘चढून’, मग श्वास. ‘ये गं’, मग श्वास. ‘माय’, श्वास. ‘माझे’, श्वास. ‘चढून’, श्वास. आणि ‘ये’. एक मात्रा. जेमतेम. कोरसला घरात कुणी नव्हतं, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती एकटी ‘चढून ये’ म्हणाली.

नळी पुन्हा लावून त्याने आधी धाप खाली बसू दिली. मग म्हणाला, “आता किती झालं गानं?”

“तुला हवं तेवढं.”

“खोटं बोलू नगं. किती?”

“दीड मिनिट.”

“मंग तुज्या शाळंत बसंल की आता.”

मी हसले. मला हसायचं नव्हतं, पण तो माझ्याकडे त्यासाठीच बघत होता.

भातलावणी चालू असताना तो गेला. माणसं शेतातून तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेली, आणि विहाराबाहेर हौदावर पाय धुवायला रांग लागली. जलदान विधीला पार्टी गायली. मी पेटी वाजवली. ते गाणं घ्यायचं कुणी सुचवलं नाही.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, म्हणजे वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. सांगता अश्विन पौर्णिमेला होते. तेव्हा दादाचं गाणं व्हावं असं वस्तीतल्या लोकांनी ठरवलं आणि मला विचारलं. मी आधी नको म्हटलं. मग मनात आलं, त्याला ते एकदा सगळ्यांसमोर पुरं व्हायला हवं होतं. त्याच्या तोंडून नाही तर नाही, पण पुरं. आता ते कुणाच्या श्वासात बसवायचं नव्हतं. मी सगळी ठिगळं काढली. तीनही अंतरे परत घेतले, म्युझिक मूळचं, आणि ‘ये’ सोळा मात्रांचा.

गायला टाकव्याची एक गायिका बोलावली. तिशीची असेल, तिथल्या पार्टीत गाते. दादाला तिने दोन-चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात लांबून ऐकलं होतं, तेवढंच. ती आधी माझ्या लोणावळ्याच्या घरी येऊन गाणं शिकून गेली. काय तिची छाती! सोळा मात्रा तिने पहिल्याच दमात धरल्या, षड्जावर जाऊन तिथे निवांत उभी राहिली, आणि वर मला म्हणाली, “आजून लांबवू का, ताई?” मी केलेली चाल मी पहिल्यांदाच पुरी ऐकत होते. चाल चांगली होती. हे कळून मला इतकं वाईट वाटलं की मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले.

मग विहारात सगळ्यांबरोबर तालीम ठेवली. कोरस सतरंजीवर बसला, वहिनी पुढे. आबांनी ढोलकी घेतली. मी सगळ्यांना नीट समजावलं, आता ‘ये’ पूर्वीसारखा सोळा, मनात मोजा, मगच आत या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिने ‘ये’ लावला. आवाज खणखणीत वर चढायला लागला, आणि चौथ्या-पाचव्या मात्रेला आबांची थाप पडली, कोरस ‘चढून ये’ म्हणत आत आला. ती गोंधळून थांबली.

“चुकलं, चुकलं,” आबा म्हणाले. “परत.”

परत तेच. वहिनी बोटांवर मात्रा मोजत होती, तरी तीही बाकीच्यांबरोबर मधेच आली.

तिसऱ्या वेळी मी सगळ्यांवर ओरडणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लक्षात आलं की भाता थांबलाय, आणि तो मीच थांबवलाय, कोरसच्याही आधी.

गायिका मुलखाची सोशिक. ती म्हणाली, “ताई, हितं थांबायचं असतं का? मला दम पुरतोय की. निम्मा बी झाला न्हाई.”

आबा ढोलकीकडे बघत म्हणाले, “हितं दम लागतो, बाय.”

“कुनाला?” तिने विचारलं.

तिने साधंच विचारलं होतं, पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून. ती माझ्याकडे बघत होती, मग आबांकडे, मग वहिनीकडे. आबांनी ढोलकीच्या कड्या सैल करायला घेतल्या, म्हणजे तालीम संपली. अश्विन पौर्णिमेला आम्ही दुसरंच, सगळ्यांना येणारं गाणं म्हटलं.